दोन इम्प्लांट, एक कवळी आणि ‘पहिली निवड’ : मॅकगिल निवेदनाचं टीकात्मक वाचन



पेट किंवा नेटची तयारी करणाऱ्यांकडून मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न असा असतो: “पेपर वाचतो, समजतो पण, मग त्यावर टीका काय करायची?” लिटरेचर रिव्ह्यूच्या नावाखाली आपण बहुतेक वेळा ‘अमुक यांनी असं म्हटलं, तमुक यांनी तसं म्हटलं’ अशी यादी करतो आणि गाईड ती लाल पेनाने परत करतात. म्हणून आज थिअरी बाजूला ठेवू. एकच गाजलेला दस्तऐवज घेऊ आणि त्याला प्रश्न विचारत जाऊ. विषय आहे वृद्धांच्या दातांचा, म्हणजे इम्प्लांटचा.

हाच विषय का? माझं स्वतःचं काम धातूच्या पृष्ठभागावर पेशी कशा चिकटतात यावर आहे, त्यामुळे टायटॅनियमचे पेपर रोजच वाचावे लागतात. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. या विषयातला एक आकडा प्रयोगशाळेतून निघून थेट दवाखान्याच्या फलकावर पोहोचलाय: ‘९५ टक्के यशस्वी’. तो वाचून कुणाची तरी आजी, कुणाचे तरी बाबा साठवलेले पैसे खर्च करायचे की नाही ते ठरवतात. तेव्हा आकडा कुठून आला हे विचारणं फक्त परीक्षेपुरतं राहत नाही.

आधी विषय, थोडक्यात

तोंडातले सगळे दात गेले की पारंपरिक उपाय म्हणजे कवळी. वरची कवळी टाळूला चिकटून बऱ्यापैकी बसते. खरा त्रास देते ती खालची. खाली टाळूसारखा आधार नाही, मध्ये जीभ सतत हलत असते, आणि दात गेल्यावर हिरडीखालचं हाड झिजत जातं. ही झीज दोन्ही जबड्यांत सारखी नसते. अँटये टाल्ग्रेन यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या, पंचवीस वर्षांच्या पाहणीवर आधारलेल्या अभ्यासात खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या साधारण चौपट दिसली होती. म्हणून खालची कवळी बोलताना उचलते, खाताना सरकते, टोचते. घरात कवळी डबीत आणि आजी भाताची पेज खातेय, हे चित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेलं असेल.

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा छोटा स्क्रू. स्वीडनमधल्या पेर-इंग्वार ब्रोनमार्क यांना सशांच्या हाडावर काम करताना दिसलं की टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं. १९६५ साली त्यांनी गोस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात पहिल्यांदा असे स्क्रू बसवले. पुढे एक स्वस्त आणि सुटसुटीत पद्धत रूढ झाली: खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला फक्त दोन इम्प्लांट बसवायची आणि कवळी टिचबटणासारखी त्यांच्यावर अडकवायची. कवळी काढता येते, धुता येते, पण आपोआप निघत नाही. याला ओव्हरडेंचर म्हणतात.

निवेदन काय म्हणतं?

मे २००२ मध्ये कॅनडात मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञांची बैठक झाली. तिथून निघालेल्या सहमती निवेदनाचा गाभा असा: खालच्या जबड्यात एकही दात नसेल तर साधी कवळी हा आता पहिल्या पसंतीचा उपचार राहिलेला नाही, दोन इम्प्लांटवरची ओव्हरडेंचर हा तो उपचार असायला हवा. २००९ मध्ये ब्रिटनमधल्या यॉर्क इथल्या निवेदनाने या भूमिकेला दुजोरा दिला. तेव्हापासून या विषयातल्या असंख्य पेपरांची प्रस्तावना याच दोन संदर्भांनी सुरू होते.

टीका करण्याआधी समोरच्याचं जे चांगलं आहे ते मोकळेपणाने मांडायचं, हा पहिला नियम. या निवेदनात तीन गोष्टी खरोखर चांगल्या आहेत. एक, ते नेमकं आहे. सगळ्या तोंडाबद्दल न बोलता खालच्या दंतहीन जबड्यापुरतं बोलतं. दोन, त्याने महागड्या सहा-आठ इम्प्लांटची भलामण केली नाही. कमीत कमी किती पुरेल ते विचारलं. तीन, यादृच्छिक नियंत्रित चाचण्यांचा आधार घेताना रुग्णाला काय वाटतं याला वजन दिलं. क्ष-किरण चित्रावरचे मिलिमीटर मोजण्याची सवय असलेल्या क्षेत्रात ही मोठी गोष्ट होती.

मग अडचण कुठे आहे? माझ्या मते पुराव्यातून ‘पहिली निवड’ या शब्दांपर्यंत जाताना मधल्या काही पायऱ्या गाळल्या गेल्यात. त्या एकेक करून पाहू.

प्रश्न पहिला: शंभरातले पंच्याण्णव कोण?

टक्केवारी दिसली की आधी छेद बघा. खाली काय लिहिलंय, इम्प्लांट की माणसं?

या विषयातला एक पायाभूत पेपर म्हणजे आडेल आणि सहकाऱ्यांचा १९८१ चा पंधरा वर्षांचा अभ्यास. ३७१ रुग्ण, ४१० दंतहीन जबडे, २७६८ स्क्रू. पाच ते नऊ वर्षं पाहणी झालेल्या गटात वरच्या जबड्यातले ८१ टक्के आणि खालच्या जबड्यातले ९१ टक्के स्क्रू पक्के राहिले. आता त्याच गटात स्क्रूंवर बसवलेल्या ब्रिजचा हिशेब बघा: वरचे ८९ टक्के आणि खालचे १०० टक्के ब्रिज स्थिर. रुग्ण तेच, वर्षं तीच, आकडे मात्र वेगळे, कारण मोजायचं एकक बदललं. एका जबड्यात सरासरी सहा-सात स्क्रू असतील तर त्यातला एखादा गेला तरी ब्रिज तग धरतो.

आता हाच तर्क ओव्हरडेंचरला लावा. इथे स्क्रू दोनच. समजा ५० ज्येष्ठांना प्रत्येकी दोन इम्प्लांट बसवली, एकूण १००. त्यातली पाच निकामी झाली. पेपर म्हणेल ९५ टक्के. पण ती पाच इम्प्लांट पाच वेगवेगळ्या माणसांच्या तोंडातली असतील तर ५० पैकी ५ माणसांचा, म्हणजे १० टक्क्यांचा आधार निम्म्यावर आला. त्यांच्यासाठी ओव्हरडेंचर पुन्हा डुगडुगणार. सहा स्क्रूंच्या ब्रिजसाठी दिलासा देणारी टक्केवारी दोन स्क्रूंच्या कवळीला जशीच्या तशी लावता येत नाही.

शिवाय एकाच तोंडातली दोन इम्प्लांट सांख्यिकीच्या भाषेत स्वतंत्र नसतात. लाळ एक, साखर एक, तंबाखूची सवय एक, ब्रश धरणारा हातही एकच. त्यांना शंभर सुटी निरीक्षणं धरून चाचणी लावली की अचूकता असते त्यापेक्षा जास्त दिसते. ही चूक तुम्हाला शेतीच्या, शिक्षणाच्या संशोधनातही भेटेल: एकाच वर्गातली चाळीस मुलं म्हणजे चाळीस स्वतंत्र शाळा नव्हेत.

आणखी एक शब्द तपासा. ‘टिकलं’ आणि ‘यशस्वी झालं’ यात फरक आहे. १९८६ मध्ये अल्ब्रेक्टसन आणि सहकाऱ्यांनी यशाचे निकष मांडले: इम्प्लांट हलता कामा नये, भोवती क्ष-किरणात काळी पोकळी दिसता कामा नये, कायमचं दुखणं किंवा बधिरपणा नको, आणि पहिल्या वर्षानंतर हाडाची झीज वर्षाला ०.२ मिलिमीटरहून कमी हवी. या कसोटीवर पाच वर्षांनी ८५ टक्के आणि दहा वर्षांनी ८० टक्के ही किमान अपेक्षा. उलट ‘टिकलं’ म्हणजे फक्त ‘अजून तोंडात आहे’. सुजलेल्या, पू येणाऱ्या हिरडीतलं इम्प्लांटसुद्धा टिकलेलंच असतं. फलकावरचा ९५ चा आकडा बहुतेक वेळा टिकण्याचा असतो, आणि वाचणारा मात्र तो यशाचा समजतो.

प्रश्न दुसरा: जे परत आले नाहीत ते कुठे गेले?

तरुणांवरच्या अभ्यासात माणसं गळतात ती बदली किंवा कंटाळा अशा कारणांनी. वृद्धांच्या अभ्यासात ती मरतात, अंथरुणाला खिळतात, विसरू लागतात. म्हणून इथे गळती हाच एक निष्कर्ष असतो.

एक काल्पनिक हिशेब करू. सरासरी ७६ वर्षं वयाचे १०० जण, प्रत्येकाची ओव्हरडेंचर. दहा वर्षांनी ३५ वारलेले, २५ जणांचा पत्ता नाही, तपासणीला आले ४०. त्यातल्या ३८ जणांचं सगळं ठीक. गोषवाऱ्यात छापून येईल ९५ टक्के. पण हयात आहेत ६५ जण. न आलेल्या पंचवीसही जणांचं उत्तम चाललंय असं धरलं तर ६५ पैकी ६३, म्हणजे जवळजवळ ९७ टक्के. त्यांच्यापैकी कुणाचंच ठीक नाही असं धरलं तर ६५ पैकी ३८, म्हणजे सुमारे ५८ टक्के. खरं उत्तर या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे. असा पट्टा स्वतः काढून बघायची सवय लावून घ्या. त्याला लागतो तो फक्त कागद आणि पेन.

तुमच्यातले सांख्यिकीवाले म्हणतील, यासाठीच तर कपलान-मायर आहे. बरोबर, पण त्याचं गृहीतक आठवा: जे मध्येच निघून गेले त्यांचा धोका, जे थांबले त्यांच्याइतकाच. ज्या आजोबांना पक्षाघात झाला, ज्यांना आता स्वतः ब्रश धरता येत नाही, तेच तपासणीला येत नाहीत आणि त्यांच्याच इम्प्लांटभोवती मळ साचून जंतुसंसर्ग होण्याची शक्यता जास्त. म्हणजे इथे अपयश कमी दिसणार. दुसऱ्या बाजूला, वारलेल्यांना आपण ‘पुढे कधीतरी इम्प्लांट निकामी होऊ शकलं असतं’ असं धरून सेन्सर करतो. त्यामुळे प्रत्यक्षात आयुष्यभरात किती जणांवर ती वेळ येईल याचा अंदाज फुगतो. स्पर्धी जोखमीचं विश्लेषण यासाठीच असतं. एकाच आकड्याला दोन चुका दोन दिशांना ओढतायत आणि वरून तो स्थिर दिसतोय, हे लक्षात घ्या.

जाता जाता: लार्सन २००६ मध्ये वारले तेव्हाही त्यांची इम्प्लांट कामात होती, ही गोष्ट प्रत्येक व्याख्यानात सांगितली जाते. गोष्ट खरी आहे. पण इम्प्लांट बसवली तेव्हा ते ऐन तिशीतले होते. ऐंशीव्या वर्षी बसवलेल्या इम्प्लांटबद्दल ती फारसं काही सांगत नाही.

प्रश्न तिसरा: समाधानी कोण, आणि कुणाच्या तुलनेत?

निवेदनाचा सगळ्यात भक्कम आधार म्हणजे रुग्णांचं समाधान. चाचण्यांमध्ये ओव्हरडेंचर मिळालेले लोक साध्या कवळीवाल्यांपेक्षा जास्त समाधानी आढळले. मला यात शंका नाही. न हलणारी कवळी हलणाऱ्यापेक्षा बरी वाटणारच. पण दोन मर्यादा नोंदवाव्या लागतात.

पहिली, इथे रुग्णापासून उपचार लपवता येत नाही. हाडात स्क्रू बसलाय की नाही हे त्याला ठाऊक असतं. नव्या, महागड्या उपचाराची आशा धरून चाचणीत आलेल्या माणसाच्या वाट्याला चिठ्ठीत साधी कवळी आली, तर त्याच्या गुणांमध्ये कवळीबरोबर निराशाही मोजली जाते.

दुसरी मर्यादा जास्त बोलकी आहे. चाचणीत येतं कोण? जुन्या कवळीने वैतागलेला माणूस. आणि येत नाही कोण? व्हँकुव्हरच्या वॉल्टन आणि मॅकएन्टी यांनी २००५ मध्ये नेमकं हेच तपासलं. कवळी वापरणाऱ्या स्वयंसेवकांना त्यांनी इम्प्लांट फुकट देऊ केली. तरीही एक तृतीयांशाहून जास्त लोकांनी नको म्हटलं. शस्त्रक्रियेच्या धोक्याची काळजी हे मोठं कारण. ज्यांनी होकार दिला त्यांना कवळीचं दुखणं आणि बोलण्यातली अडचण जास्त होती. किंमत शून्यावर आणूनही इतके लोक नाकारत असतील, तर ‘पहिली निवड’ नक्की कुणाची, डॉक्टरांची की रुग्णाची? समाधानाचा पुरावा हो म्हणणाऱ्यांकडून आला आणि शिफारस मात्र सगळ्यांसाठी झाली.

२००६ मध्ये फिट्झपॅट्रिक यांनी सिस्टिमॅटिक रिव्ह्यू करून जवळपास हाच आक्षेप घेतला: सगळ्या रुग्णांसाठी सरसकट श्रेष्ठ ठरावा असा एकच उपचार पुराव्यातून निघत नाही. गंमत अशी की ज्या प्रस्तावनांमध्ये मॅकगिल आणि यॉर्क येतात त्यांत हा संदर्भ क्वचितच सापडतो. तुमच्या रिव्ह्यूमध्ये सहमतीच्या शेजारी असहमतीची जागा राखून ठेवा.

प्रश्न चौथा: साखळीतली प्रत्येक कडी तपासली का?

इम्प्लांटच्या बाजूने एक तर्क नेहमी ऐकू येतो: कवळी घट्ट बसली की चावता येईल, चावता आलं की फळं-भाज्या खाता येतील, त्याने पोषण सुधारेल, तब्येत सुधारेल. ऐकायला इतकं सरळ वाटतं की तपासायची गरजच वाटू नये. अशाच वाक्यांपाशी थांबायचं.

मॉन्ट्रियलमधल्या आधीच्या एका लहान चाचणीत पोषणाची काही मापं सुधारल्याचं दिसलं होतं. मग मॅकगिलच्याच संशोधकांनी मोठी चाचणी घेतली: ६५ आणि त्याहून जास्त वयाचे २५५ दंतहीन लोक, एका गटाला ओव्हरडेंचर, दुसऱ्याला साधी नवी कवळी. २०१२ मध्ये निकाल आला. वर्षभराने रक्त तपासलं तर दोन्ही गटांच्या पोषणात लक्षणीय फरक नव्हता. दुसऱ्या वर्षी त्याच चाचणीतून आहाराचा निकाल आला, तिथेही तेच.

मला हा पेपर या सगळ्या साहित्यातला सर्वांत आदरणीय वाटतो. ज्यांनी ओव्हरडेंचरचा पुरस्कार केला त्यांच्याच विद्यापीठाने तिच्या बाजूचा एक लाडका तर्क कसोटीला लावला आणि ‘नाही’ हे उत्तर छापलं. विचार केला तर कारण अवघड नाही. माणूस काय खातो हे फक्त दातांवर ठरत नाही. सवय, पैसा, कोण रांधतं, एकटं जेवावं लागतं का, हे सगळं त्यात असतं. चाळीस वर्षं मऊ भात खाल्लेला माणूस स्क्रू बसला म्हणून उद्यापासून गाजर खाईल असं नाही. पण दवाखान्याच्या पत्रकांवर ‘उत्तम पोषण’ अजून छापून येतंच. नकारात्मक निकालाला पाय नसतात, त्याला आपणच उचलून आणावं लागतं.

प्रश्न पाचवा: ‘ज्येष्ठ’ म्हणजे कोणता माणूस?

६८ वर्षांचा, स्वतः बस पकडून दवाखान्यात येणारा निवृत्त शिक्षक ज्येष्ठ, आणि ८६ वर्षांची, दुसऱ्याच्या हातून घास घेणारी आजीही ज्येष्ठच. बहुतेक चाचण्यांमधला माणूस पहिल्या प्रकारचा. दुसऱ्या प्रकारच्या माणसांवर जिनिव्हात फ्राउके म्यूलर यांच्या गटाने चाचणी केली, २०१३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. परावलंबी, सरासरी वय पंच्याऐंशीच्या आसपास, एकूण रुग्ण तीस-पस्तीसच. समाधान आणि चावण्याचा जोर त्यांच्यातही सुधारला. म्हणजे ‘वय झालं, आता इम्प्लांट नको’ हा सरधोपट नकारही पुराव्यावर टिकत नाही. टीका दोन्ही बाजूंनी करायची असते ती अशी. मात्र ती माणसं एका सुसज्ज यंत्रणेच्या देखरेखीखाली होती, हे विसरता येत नाही.

आता हा निष्कर्ष आपल्याकडे आणू. २०११ च्या जनगणनेत भारतात साठीच्या पुढचे दहा कोटींहून जास्त लोक होते. ओव्हरडेंचर ही एकदा बसवली आणि विसरली अशी गोष्ट नसते. तिच्या टिचबटणांमधल्या रबरी किंवा नायलॉनच्या कड्या झिजतात, बदलाव्या लागतात; इम्प्लांटभोवतीची हिरडी रोज साफ करावी लागते. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या, मिश्री लावणाऱ्या, मधुमेह असलेल्या ७४ वर्षांच्या बाईंना ती कडी बदलायला दर वेळी कुणासोबत एसटीने जिल्ह्याला जावं लागणार असेल, तर तो खर्च आणि ती दमणूक मॉन्ट्रियलच्या कोणत्याच तक्त्यात नाही. हाडं ठिसूळ होतात म्हणून त्या बिस्फॉस्फोनेट गटातली औषधं घेत असतील तर आणखी एक प्रश्न. या औषधांमुळे जबड्याचं हाड मृत होऊ शकतं, हे पहिल्यांदा ठळकपणे पुढे आलं २००३ मध्ये, आणि तेही प्रामुख्याने कर्करोगासाठी शिरेतून औषध घेणाऱ्यांमध्ये. निवेदन २००२ चं. त्यात हे नाही याचा दोष कुणाला देता येणार नाही. पण २००२ चं वाक्य आज उद्धृत करताना तारीख वाचायची जबाबदारी आपली.

मग माझं म्हणणं काय?

चाचण्या एवढंच सांगतात: खालच्या कवळीने त्रासलेल्या, शस्त्रक्रियेला तयार असलेल्या, नियमित देखभाल करू शकणाऱ्या माणसाला दोन इम्प्लांटवरची ओव्हरडेंचर साध्या कवळीपेक्षा बहुधा जास्त समाधान देते. हे वाक्य मला मान्य आहे. यातली तीन विशेषणं गाळली की उरतं ते निवेदन. ‘हा पर्याय प्रत्येकाला आधी समजावून सांगा’ असं म्हटलं असतं तर माझी तक्रार नव्हती. ‘पहिली निवड’ म्हटलं की न निवडणारा माणूस दुय्यम उपचारावर भागवणारा ठरतो, आणि नीट बनवलेल्या, नीट बसवलेल्या साध्या कवळीची किंमत उगाच कमी होते. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य वृद्धांना आज तीसुद्धा वेळेवर मिळाली तर त्यांचं जेवण सुधारेल.

आता तुमचं काम. तुमच्या विषयातला असा एक पेपर निवडा ज्याचा दाखला सगळे देतात. एका कोऱ्या पानावर पाच ओळी लिहा: छेदात कोण आहे, कोण गळलं, तुलना कुणाशी, साखळीतली न तपासलेली कडी कोणती, आणि हा माणूस आपल्याकडचा आहे का. पाचही उत्तरं पेपरात सापडली तर तो चांगला पेपर. एखादं सापडलं नाही तर ते जपून ठेवा. सिनॉप्सिसमध्ये ‘संशोधनातील उणीव’ या मथळ्याखाली काय लिहायचं हा प्रश्न तिथेच सुटतो.